विश्लेषण : परदेशातून महाड-पोलादपुरात घर घेताना सोबत कोण हवे? यातला कोण कोणासाठी काम करतो?

महाडच्या खाडीपट्ट्यातील गावांमधून आखाती देशांत नोकरीला जाण्याची वाट जुनी आहे. पोलादपूरच्या डोंगरखोऱ्यातली कुटुंबे आधी मुंबईला गेली आणि त्यांची पुढची पिढी आता परदेशी पोहोचते आहे. तिकडे साठवलेल्या पैशातून अनेकांची पहिली मोठी खरेदी गावाकडच्या घराची असते. खरेदीदार मात्र व्यवहाराच्या वेळी हजारो किलोमीटर दूर असतो. कागद मोबाइलवर येतात, जागा व्हिडीओ कॉलवर दिसते आणि ‘सगळे क्लिअर आहे’ हे वाक्य कोणीतरी फोनवर सांगतो. हे सांगणारा नेमका कोण, त्याला फी कोण देतो आणि त्याने काय तपासले, हे प्रश्न म्हणूनच किमतीइतके महत्त्वाचे ठरतात.

परदेशस्थ भारतीयाला गावाकडे काय विकत घेता येते?

परदेशस्थ भारतीय (एनआरआय) आणि ओसीआय कार्डधारकांना भारतात घर, सदनिका, दुकान किंवा बिगरशेती भूखंड घेण्यासाठी रिझर्व्ह बँकेची वेगळी परवानगी लागत नाही. मात्र ‘फेमा’ कायद्याखालील नियमांनुसार त्यांना शेतजमीन, मळ्याची जमीन आणि फार्महाऊस खरेदी करता येत नाही. वडिलोपार्जित शेतजमीन वारसाहक्काने मिळू शकते, विकत घेता येत नाही. सातबारावर आधीपासून शेतकरी म्हणून नाव असले तरी परदेशस्थ असताना नवी शेतजमीन घेण्याची मुभा त्यामुळे मिळत नाही.

येथेच पहिली फसगत होते. रस्त्याकडेची किंवा डोंगरउतारावरची जमीन ‘एनए होणार आहे’ असे सांगून गुंठ्यांवर विकली जाते. व्यवहाराच्या दिवशी कागदोपत्री ती शेतजमीनच असते. मग ‘सध्या भावाच्या किंवा चुलतभावाच्या नावावर घेऊ’ असा तोडगा सुचवला जातो. पैसे एकाचे आणि नाव दुसऱ्याचे अशा व्यवहारांवर बेनामी व्यवहार प्रतिबंध कायद्याची टांगती तलवार असते. २०१६च्या दुरुस्तीनंतर या कायद्यात मालमत्ता जप्तीबरोबर एक ते सात वर्षे सक्तमजुरी आणि बाजारमूल्याच्या २५ टक्क्यांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पत्नी, मुले यांच्यासाठी आणि काही अटींवर भावंडांसोबत संयुक्त नावाने केलेल्या खरेदीसाठी कायद्यात अपवाद आहेत, चुलतभावासाठी नाही.

तिकडची सवय इथे का चालत नाही?

इंग्लंडमध्ये घर घेणाऱ्याच्या बाजूने सॉलिसिटर किंवा परवानाधारक कन्व्हेयन्सर काम करतो. स्थानिक प्रशासन, सांडपाणी, पूर अशा चौकशा तो करून घेतो. इमारतीची तब्येत पाहायला वेगळा सर्व्हेयर असतो. मालकीची नोंद सरकारी लँड रजिस्ट्रीत होते आणि त्या नोंदीमागे सरकारची हमी असते. फ्रान्स आणि स्पेनमध्ये नोटरी हा सरकारने नेमलेला कायदेपंडित असतो आणि खरेदीखत त्याच्यासमोर होते. दुबईत दलालाला रेराचे कार्ड लागते, बांधकाम सुरू असलेल्या प्रकल्पाचे पैसे एस्क्रो खात्यात जातात आणि घराचे हस्तांतर दुबई लँड डिपार्टमेंटच्या अखत्यारीतील ट्रस्टी कार्यालयात नोंदवले जाते.

भारतात यातली नावे ओळखीची वाटतात, कामे मात्र वेगळी आहेत. येथील नोटरी सही कोणी केली एवढेच साक्षांकित करतो. मालकीबद्दल तो काहीही सांगत नाही. दुय्यम निबंधक दस्ताची नोंदणी करतो, विकणारा खरा मालक आहे याची हमी देत नाही. मालकी ठरवण्याचा अधिकार नोंदणी अधिकाऱ्याला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५मध्ये तमिळनाडूतील एका प्रकरणात पुन्हा स्पष्ट केले. सातबारा आणि फेरफार या महसुली नोंदी आहेत, त्या मालकीचा अंतिम पुरावा नाहीत, हेही न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. थोडक्यात, येथे प्रत्येक जण एक-एक तुकडा तपासतो. सगळे तुकडे जुळतात का, हे पाहण्याची जबाबदारी खरेदीदाराची आणि त्याने स्वतः नेमलेल्या माणसांची असते.

वकील नेमका काय शोधतो?

पहिली नेमणूक वकिलाची हवी आणि तीही विसार देण्याआधी. विक्रेत्याने किंवा विकासकाने सुचवलेला वकील कितीही सज्जन असला तरी त्याची फी आणि ओळख समोरच्या बाजूची असते. जमिनीचे व्यवहार हाताळणारा, तालुक्याची कागदपत्रे माहीत असलेला स्वतंत्र वकील शोधावा आणि त्याच्याकडून लेखी, सहीशिक्क्याचा शोध अहवाल (सर्च रिपोर्ट) घ्यावा. साधारण ३० वर्षांचा शोध घेण्याची प्रथा आहे. अलीकडच्या दस्तांचा बराचसा शोध नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर घेता येतो. जुन्यांसाठी कार्यालयात जाऊन सूची क्रमांक दोन पाहावी लागते.

महाड-पोलादपूरमध्ये या शोधात काही गोष्टी हमखास समोर येतात. पहिली, वारसांची लांबलचक यादी. पणजोबांच्या नावाचा सातबारा, त्यावर सामाईक हिस्सेदार आणि त्यातले निम्मे मुंबईत किंवा परदेशात, हे कोकणातले नेहमीचे चित्र आहे. बहिणी आणि आत्यांची नावे अनेकदा लागलेलीच नसतात. हिंदू कुटुंबात २००५च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतका हक्क दिला आहे. मुस्लिम वारसा कायद्यातही मुलींचा हिस्सा ठरलेला आहे. ‘बहीण काही मागणार नाही’ हे तोंडी आश्वासन खरेदीखतात चालत नाही. तिची संमतीची सही किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागते.

दुसरी गोष्ट सातबाराच्या ‘इतर हक्क’ रकान्यातली. कुळाची नोंद, बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, खाजगी वनाचा शेरा, पुनर्वसनाचा शेरा यातले काहीही येथे दडलेले असू शकते. जमीन भोगवटादार वर्ग दोनची असेल किंवा आदिवासी खातेदाराची असेल, तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय हस्तांतर होत नाही.

तिसरी गोष्ट गावठाणातल्या घराची. अशा घरांना अनेकदा सातबारा नसतो, ग्रामपंचायतीचा नमुना आठ आणि घरपट्टीची पावती एवढेच असते. घरपट्टी भरली म्हणजे मालकी सिद्ध होत नाही. २०२०मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोन मोजणी करून गावठाणातील घरांना मिळकत पत्रिका दिल्या जातात. त्या गावात ती निघाली आहे का आणि तिच्यावर कोणाचे नाव आहे, हे पाहावे.

एजंट आणि विकासक यांच्याकडून काय मागावे?

एजंट व्यवहार जुळवतो आणि व्यवहार झाला तरच त्याला पैसे मिळतात. म्हणून त्याचा सल्ला ऐकावा, पण तपासणी त्याच्यावर सोडू नये. महारेरात नोंद असलेल्या प्रकल्पातली सदनिका किंवा भूखंड विकणाऱ्या एजंटाला महारेराची नोंदणी आवश्यक असून, त्यासाठी आता प्रशिक्षण आणि परीक्षा देऊन प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्याचा नोंदणी क्रमांक संकेतस्थळावर पडताळता येतो.

विकासकाबाबत छोट्या शहरांत एक बारकावा महत्त्वाचा आहे. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरचे किंवा आठपर्यंत सदनिका असलेले प्रकल्प रेरा नोंदणीतून वगळलेले आहेत. महाडसारख्या ठिकाणी सहा-आठ सदनिकांच्या इमारती या सवलतीत बसू शकतात. तेथे खरेदीदाराला रेराचे संकेतस्थळ उघडून मंजूर नकाशे, प्रमाणपत्रे, कज्जे-खटले पाहता येत नाहीत. तो भार वकील आणि अभियंत्यावर येतो. नोंदणीकृत प्रकल्पात मात्र विक्री करारनामा नोंदवण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम विकासकाला घेता येत नाही आणि ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष निघाला तर तो त्याला स्वखर्चाने दुरुस्त करून द्यावा लागतो.

अभियंत्याकडे दुर्लक्ष का महागात पडते?

वकील कागद पाहतो, भिंती पाहत नाही. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडच्या काजळपुरा भागातली तारीक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली आणि १६ जणांचा मृत्यू झाला. ही काही पडायला टेकलेली जुनी चाळ नव्हती. राज्यात ३० वर्षांहून जुन्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे. तारीक गार्डन त्या वयाच्या जवळपासही पोहोचलेली नव्हती. दुर्घटनेनंतर पोलिसांनी विकासकाबरोबरच आर्किटेक्ट, आरसीसी सल्लागार आणि नगरपालिकेच्या अधिकाऱ्यांवरही गुन्हा दाखल केला. म्हणजे कागदावर ज्यांच्या सह्या असायला हव्यात त्या सगळ्यांच्या सह्या असूनही घर सुरक्षित असेलच असे नाही.

म्हणून तयार सदनिका किंवा जुने घर घेताना विक्रेत्याशी संबंध नसलेल्या स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून पाहणी करून घ्यावी. खांब-तुळयांवरचे तडे, लोखंडाला लागलेला गंज, गच्चीची गळती, तळमजल्यावर नंतर पाडलेल्या भिंती, मंजूर नकाशापेक्षा वाढवलेले मजले या गोष्टी त्याच्या नजरेला पडतात. गरज वाटल्यास तो काँक्रीटची चाचणी सुचवतो. बांधकाम परवानगी, मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र हे तीन कागद त्याने प्रत्यक्ष इमारतीशी ताडून पाहायचे असतात. यासाठी लागणारी फी घराच्या किमतीपुढे किरकोळ असते.

पूर आणि दरड यांची तपासणी कोण करतो?

महाड शहर सावित्री, गांधारी आणि काळ या नद्यांच्या परिसरात वसलेले आहे. २२ जुलै २०२१च्या रात्री आलेल्या पुराने शहरातले तळमजले बुडवले. त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळीये गावावर दरड कोसळून ८०हून अधिक जणांचा बळी गेला. पोलादपूर तालुक्यात साखर-सुतारवाडी आणि केवनाळे येथेही दरडींनी माणसे नेली. त्याआधी जुलै २००५मध्ये दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते या महाड तालुक्यातील गावांनी हेच भोगले होते.

खरेदीखतात या गोष्टीचा एक शब्दही नसतो. पूररेषा जलसंपदा विभाग आखतो. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. नदीपात्र आणि निळ्या रेषेच्या मध्ये नव्या बांधकामाला सर्वसाधारणपणे परवानगी मिळत नाही. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये जोत्याची उंची वाढवण्यासारख्या अटींवर मिळते. भूखंड कोणत्या पट्ट्यात येतो हे नगरपालिकेच्या नगररचना शाखेतून लेखी घ्यावे. डोंगराकडच्या गावात तहसील कार्यालयाकडे दरडप्रवण गावांची माहिती असते. उतार कापून सपाट केलेला भूखंड असेल, तर अभियंत्याबरोबर भूगर्भतज्ज्ञाचे मत घेणे शहाणपणाचे. २०२१ साली पाणी कुठवर आले होते, हे शेजारच्या चार घरांत विचारले तर कोणत्याही नकाशाइतकीच खरी माहिती मिळते. ती विचारायला मात्र कोणीतरी प्रत्यक्ष जावे लागते.

मोजणी आवश्यक आहे का?

भूखंड किंवा स्वतंत्र घर असेल तर होय. बांध, गडगा किंवा तारेचे कुंपण ही कायदेशीर हद्द नव्हे. हद्द कायम करण्यासाठी भूमी अभिलेख विभागाच्या उपअधीक्षक कार्यालयाकडे मोजणीचा अर्ज करावा लागतो. अर्ज सहसा जमीनधारकाच्या नावाने होतो, म्हणून मोजणी करून देण्याची अट विसार पावतीतच घालावी. लगतच्या धारकांना नोटीस जाते, भूकरमापक जागेवर येऊन मोजणी करतो आणि शेवटी मोजणी नकाशाची ‘क’ प्रत मिळते. घराकडे जाणारी वाट कोणाच्या जमिनीतून जाते, हा कोकणातला सनातन वाद येथेच उघडा पडतो. वाट दुसऱ्याच्या हिश्शातून असेल तर तिचा हक्क दस्तात लिहून घ्यावा.

मुखत्यारपत्र कोणाला आणि कसे द्यावे?

खरेदीदार येऊ शकत नसेल तर त्याच्या वतीने सही करणारा मुखत्यार लागतो. हा व्यवहारातला सर्वांत नाजूक दुवा आहे. ‘सर्वाधिकार’ देणारे सर्वसाधारण मुखत्यारपत्र टाळून एकाच मिळकतीपुरते विशेष मुखत्यारपत्र करावे. मिळकतीचे वर्णन, कमाल किंमत, दस्तावर सही करणे, नोंदणीसाठी हजर राहणे आणि ताबा घेणे एवढेच अधिकार त्यात असावेत. विकण्याचा, गहाण ठेवण्याचा किंवा खात्यातून पैसे काढण्याचा अधिकार देण्याचे कारण नसते.

परदेशात केलेले मुखत्यारपत्र तेथील भारतीय वकिलातीसमोर किंवा नोटरीसमोर साक्षांकित व्हावे लागते. संयुक्त अरब अमिराती, कतार, कुवेत येथून बहुतेक जण वकिलातीचा मार्ग घेतात. ब्रिटन, अमेरिका, दक्षिण आफ्रिका या देशांत नोटरीच्या सहीनंतर ‘अपोस्टिल’ शिक्का घेण्याची सोय आहे. तो कागद राज्यात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. ही मुदत चुकली की ऐन नोंदणीच्या दिवशी काम अडते.

उलट बाजूनेही सावध राहावे. विक्रेत्याचा मुखत्यार समोर आला तर मूळ मालक हयात आहे का आणि त्याने मुखत्यारपत्र रद्द केलेले नाही ना, हे वकिलाने त्याच्याशी थेट बोलून पक्के करावे. नुसत्या मुखत्यारपत्राने किंवा साध्या करारनाम्याने मालकी हस्तांतरित होत नाही, त्यासाठी नोंदणीकृत खरेदीखतच लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले आहे.

बँक आणि सीए यांची भूमिका काय?

‘बँकेने कर्ज दिले म्हणजे कागद साफ’ हा समज अर्धाच खरा आहे. बँकेचा वकील आणि मूल्यांकनकार बँकेसाठी काम करतात. कर्ज बुडाले तर या मिळकतीतून पैसे निघतील का, एवढा त्यांचा प्रश्न असतो. त्यांचे होकारार्थी मत उपयोगी असते, पण ते खरेदीदाराच्या वकिलाची जागा घेऊ शकत नाही.

पैसे परदेशातून बँकेमार्फत किंवा एनआरई, एनआरओ, एफसीएनआर खात्यातूनच द्यावे लागतात. परकी चलनाच्या नोटांनी व्यवहार करता येत नाही. ‘काही रक्कम वरून रोख’ ही मागणी तर नाकारलीच पाहिजे. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २० हजार रुपये किंवा त्याहून अधिक रोख घेण्यास आयकर कायद्याची मनाई आहे. शिवाय पुढे घर विकून पैसे परत नेताना बँकेतून गेलेली रक्कमच सिद्ध करता येते.

सीएची गरज विक्रेता कोण आहे यावरून कळते. निवासी भारतीयाकडून ५० लाख रुपये किंवा त्याहून जास्त किमतीचे घर घेतले तर खरेदीदाराने एक टक्का टीडीएस कापून सरकारकडे भरायचा असतो. विक्रेता स्वतःच परदेशस्थ असेल, तर रक्कम कितीही असो, कर कापावाच लागतो आणि त्याचा दरही बराच जास्त असतो. ज्या भागात विकणाराही दुबईत आणि घेणाराही कुवेतमध्ये असू शकतो, तेथे ही चूक सहज होते. कर कापला नाही तर वसुलीची नोटीस खरेदीदाराला येते.

नोंदणीनंतर काम संपते का?

नाही. दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदला की मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फीचा विषय संपतो. नोंदणी फी किमतीच्या एक टक्का, कमाल ३० हजार रुपये आहे; मुद्रांक शुल्काचा दर ग्रामपंचायत आणि नगरपालिका हद्दीत वेगवेगळा असतो. त्यानंतर जमिनीच्या बाबतीत तलाठ्याकडे, म्हणजे नव्या पदनामाने ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, फेरफार नोंद धरली जाते. संबंधितांना हरकतीसाठी १५ दिवसांची नोटीस निघते आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. राहून गेलेला एखादा वारस नेमका या टप्प्यावर हरकत घेतो. शहरात मिळकत पत्रिकेवर, तर गावात घरपट्टीच्या नोंदवहीत आणि वीजबिलावर नाव बदलून घ्यावे लागते. खरेदीखत कपाटात आणि सातबारावर जुन्या मालकाचे नाव, अशा अवस्थेत वर्षानुवर्षे राहिलेली मिळकत पुढच्या वादाला आमंत्रण देते.

मग क्रम कसा असावा?

आधी वकिलाचा शोध अहवाल, सोबत अभियंत्याची पाहणी आणि पूर-दरडीची चौकशी. त्यानंतर अटी घातलेली विसार पावती आणि तीही बँकेच्या व्यवहाराने. मग मोजणी, मुखत्यारपत्र, कराचा हिशेब, खरेदीखत आणि शेवटी फेरफार. सुट्टीत गावी आल्यावर चार दिवसांत हे सगळे उरकण्याचा आग्रह विक्रेत्याच्या फायद्याचा असतो. खरेदीदाराने सुट्टी जागा पाहण्यासाठी, शेजाऱ्यांशी बोलण्यासाठी आणि वकील-अभियंत्याला समोरासमोर भेटण्यासाठी वापरावी. सही पुढच्या सुट्टीतही करता येते.

या साखळीत एजंट, विकासक, बँक, दुय्यम निबंधक, तलाठी हे सगळे आपापले काम चोख करतील असे गृहीत धरले, तरी त्यातला एकही खरेदीदाराने नेमलेला नसतो. त्याच्या बाजूने बोलणारे दोनच जण असतात, त्याचा वकील आणि त्याचा अभियंता. पैसे वाचवताना नेमके हेच दोघे वगळले जातात.